कोपऱ्यातली बाई

"हा डाग पुसून जाणारा नाही, आजी," प्यो म्हणाला. "फडकं ठेवा बाजूला."

दल-रे आजींनी फडकं मागे घेतलं, पण लांब ठेवलं नाही. प्यो हा टीव्ही दुरुस्त करणारा. तालुक्याच्या गावाहून सकाळच्या बसने आला होता आणि आल्या आल्या त्याने रिमोटवर काहीतरी करून सगळा पडदा एकसारखा राखाडी केला होता. त्या राखाडीत उजव्या अंगाला, खाली, उशीएवढा एक चौकोन दिसत होता. फिकट, पण स्पष्ट. भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर मागे राहतो तसा.

"डाग नाही तर काय आहे मग?" क्वाक आजींनी विचारलं.

"झीज आहे. या टीव्हीत मागे दिवा नसतो. पडद्यावरचा एकेक ठिपका स्वतःच उजळतो. म्हणून तर यात काळं इतकं काळं दिसतं. पण ज्या ठिपक्यांना रोज उठून एकच चित्र दाखवायला लावलं, ते बाकीच्यांच्या आधी थकतात."

"म्हणजे म्हातारे होतात."

"तसंच म्हणा."

"आणि बाकीचा टीव्ही?"

"ठणठणीत आहे. पुष्कळ वर्षं चालेल अजून."

"आमच्यासारखंच झालं की हे," दल-रे आजी म्हणाल्या. "माझा डावा गुडघा तेवढा गेलाय. बाकी सगळं चालू."

समाजघरात बसलेल्या सगळ्या हसल्या. क्वाक आजी हसल्या नाहीत. त्यांनी प्योला विचारलं, की वर्षसुद्धा झालेलं नाही, तर कंपनी पडदा बदलून देईल ना. प्योने मान हलवली. बिघाड असता तर दिला असता, हा वापर आहे, म्हणाला. नवा पडदा घालायचा तर जवळपास नव्या टीव्हीइतकाच खर्च.

मग तो चौकोनाकडे बघत म्हणाला, "इथे बातम्यांचं चॅनेल कोण लावून ठेवतं? कोपऱ्यात एक बाई खुणांनी सांगत असते ना, तिची ही पाटी आहे. पाटीचा निळा रंग आणि भोवतीची पांढरी रेघ. ती काही हलत नाही. रोज तासन्‌तास लागलेली असणार."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. तिथे पिल-न्यो आजी उबदार जमिनीवर पाय पसरून लसूण सोलत होत्या. त्यांना ऐकू येत नाही. सगळ्या आपल्याकडे बघतायत एवढं त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्या हसल्या, आणि कुणाला तरी लसूण हवा असेल असं समजून त्यांनी सोललेल्या पाकळ्यांचा वाडगा पुढे सरकवला.

मी आमच्या गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष. त्रेसष्टाव्या वर्षी या समाजघरात मी सगळ्यांत लहान, त्यामुळे अध्यक्ष म्हणजे भात लावणारी, भांडणं सोडवणारी आणि प्योला फोन करणारी. गावात पोरंबाळं उरलेली नाहीत. ती बुसानला, चांगवनला, कुणी सोल शहरात. नामहे बेटावरचा आमचा हा किनारा लसणाचा आणि सुक्या मासळीचा. ते दोन्ही करायला म्हातारी माणसं मागे राहिली. सकाळी घरची थंडी सहन होईना की बायका समाजघरात येतात, कारण इथली जमीन सरकारी खर्चाने तापते. दुपारचं जेवण एकत्र. मग टीव्ही.

आधीचा टीव्ही जाड पेटीसारखा होता. चित्र हललं की डोक्यावर एक चापट मारायची. अठरा वर्षं त्याने चापटा खाल्ल्या आणि मग एक दिवस तो काही उठला नाही. त्याच हिवाळ्यात क्वाक आजींना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. त्यांचा मुलगा चांग-मो बुसानला जहाजांचे सुटे भाग विकतो. मोठं जेवण घालणार होता, पण आजीच म्हणाल्या, जेवण एका दिवसात पोटात जाईल, गावाला टिकणारं काहीतरी दे. त्याने हा टीव्ही दिला.

टीव्ही इतका मोठा, की दारातून आत येईना. खिडकीची चौकट काढून चौघांनी आडवा आत घेतला. भिंतीवरचं घड्याळ, माजी सरपंचांचे फोटो, व्यायामाचा तक्ता, सगळं उतरवावं लागलं. समुद्राकडच्या खिडकीतून उजेड आला की पडद्यावर आम्हीच दिसायचो, म्हणून मी जाड पडदे शिवून लावले. टीव्ही जाडीला जेमतेम दोन बोटं; टेकायचं नाही, ओलं फडकं लावायचं नाही, असं प्योने बजावलं होतं. एकच चॅनेल दिवसभर लावू नका, हेही तो तेव्हा म्हणाला होता. पण त्या वेळी पडद्यावर बातम्या देणाऱ्याचं तोंड कपडे धुवायच्या टबाएवढं दिसत होतं आणि दल-रे आजी त्याला वाकून नमस्कार करत होत्या. कोण ऐकणार.

प्यो गेल्यावर क्वाक आजी उठल्या. वय झालंय, पण उठल्या की अजून जहाज निघाल्यासारखं वाटतं. त्या पिल-न्यो आजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आधी टीव्हीकडे बोट केलं, मग पिल-न्यो आजींकडे, मग दोन्ही हातांनी काहीतरी मोडल्यासारखं करून दाखवलं. शेवटी तर्जनी हलवली. नाही, परत नाही.

"अहो, जरा हळू," मी म्हटलं.

"हळू केलं काय नि जोरात केलं काय, तिला कुठे ऐकू येतंय? जिला बातम्यांतलं अक्षर ऐकू येत नाही तिने बातम्या कशाला लावायच्या? चांग-मो नव्या वर्षाला येईल. त्याला काय दाखवू, ही पाटी?"

पिल-न्यो आजींनी मोडल्याची ती खूण बघितली. पडद्याकडे बघितलं. मग लसणाची सालं गोळा करून कचऱ्यात टाकली, वाडगा धुऊन पालथा घातला आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. दल-रे आजी म्हणाल्या, सर्दी झाली असेल. क्वाक आजींनी भात वाढताना एक वाटी जास्त काढली आणि मग परत पातेल्यात ओतली.

चौथ्या दिवशी मी सोयाबीनच्या आमटीचं भांडं घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांचं घर धक्क्याच्या वरच्या अंगाला. हाक मारून उपयोग नसतो, म्हणून दार सरकवून आत जायचं, असा गावाचा रिवाज आहे.

पिल-न्यो आजी रजई अंगावर घेऊन त्यांच्या स्वतःच्या टीव्हीसमोर बसल्या होत्या. तो टीव्ही छोटा, कपाटावर ठेवलेला. नाक काचेला लागेल इतक्या त्या जवळ गेल्या होत्या. बातम्या चालू होत्या आणि कोपऱ्यातली बाई तिथे आगपेटीएवढी होती. तिचे हात म्हणजे तांदळाचे दोन दाणे. आजी डोळे बारीक करून बघत होत्या आणि रजईबाहेर काढलेले त्यांचे हात त्या बाईच्या मागोमाग हलत होते. थांबत होते, चुकत होते, पुन्हा पकडत होते.

मी किती वेळ उभी होते माहीत नाही. आमटी निवली.

पिल-न्यो आजींचे कान चौथ्या वर्षी तापात गेले. तेव्हा या बेटावर पूलही नव्हता. मुक्या-बहिऱ्यांची शाळा कुठल्या शहरात असते हे कुणाला ठाऊक असणार. एकोणिसाव्या वर्षी त्यांना एका बिजवर कोळ्याला दिलं. नवरा बरा होता. त्या दोघांच्या आपल्या खुणा होत्या. जाळं ओढल्यासारखं केलं की 'समुद्रावर जातो', गालावर हात ठेवला की 'झोप'. नवरा वारून बरीच वर्षं झाली. मुलगी चांगवनला. गाव त्यांच्याशी बोलायचं ते जेव, ये, जा, लसूण, किती, संपलं, एवढंच. तीन हिवाळ्यांपूर्वी समाजघरात अक्षरओळखीचा वर्ग झाला तेव्हा त्या पहिल्या रांगेत बसायच्या. मोठं अक्षर सावकाश वाचायला त्या शिकल्या. सगळ्यांना वाटलं, वेळ जातो बिचारीचा.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्या दचकल्या, घाईघाईने टीव्ही बंद करायला गेल्या. मी त्यांचा हात धरला आणि त्यांच्या हातांकडेच बोट केलं. हे काय?

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग दोन्ही हात वर करून बोटं खाली सोडली, थेंब पडावेत तशी. पाऊस. हे कुणालाही कळलं असतं. पण त्यानंतर त्यांनी आणखी एक खूण केली, मग आणखी एक, मग पाच-सहा भराभर. मला एकही कळली नाही. त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं, की मला कळलेलं नाही. सत्तर वर्षं गाव त्यांच्याशी बोलताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा त्या वेळी माझा झाला असणार.

मग त्यांनी मला समजावलं. हवेत मोठा चौकोन काढला, समाजघराच्या दिशेने बोट केलं, डोळे मोठे केले. तिथे बाईचे हात माणसाच्या हाताएवढे दिसतात. बोटं मोजता येतात. खाली अक्षरं चालतात तीही मोठी. आग लागलेली दाखवतात, अक्षर येतं, बाई खूण करते. तिन्ही एकदम बघितलं की गाठ बसते. मग त्यांनी या छोट्या टीव्हीकडे बघून हात झटकला. यात काही नाही.

दुपारी आम्ही जेवून आडव्या व्हायचो, तेव्हा त्या हेच करत असत.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. तालुक्याच्या बाजारात, मासळीच्या गल्लीच्या तोंडाशी, बूट आणि छत्र्या दुरुस्त करणारं एक जोडपं बसतं. दोघंही बहिरी. बायकोचं नाव सन-जू. मी कितीदा तिच्याकडे चपलेचा तळ बदलून घेतला आहे. त्यांना आपसात हातांनी भांडताना पाहिलं आहे. पुढच्या बाजारच्या दिवशी मी पिल-न्यो आजींना त्यांचे फाटके रबरी बूट बरोबर घ्यायला लावले आणि बसमध्ये बसवलं. कशाला जातोय हे मी सांगू शकले नाही. त्यासाठी माझ्याकडे खूणच नव्हती.

सन-जू बुटाला डिंक लावत होती. नवऱ्याने तिला काहीतरी हातांनी सांगितलं, तिने मान वर न करताच एका हाताने उत्तर दिलं. पिल-न्यो आजी वाटेतच थांबल्या. मागून येणाऱ्या माणसाने त्यांना धक्का दिला, तरी हलल्या नाहीत. मग पुढे झाल्या, बुटांची पिशवी खाली ठेवली, ताठ उभ्या राहिल्या, हात छातीशी आणले आणि बोलल्या.

सन-जूच्या हातातला बूट डिंकासकट खाली पडला. तिने नवऱ्याला कोपर मारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नवरा हसायला लागला, पण वाईट हसणं नव्हतं ते. तो काहीतरी म्हणाला. आजींना ते कळायला वेळ लागला. त्यांनी डोकं हलवून पुन्हा मागितलं. त्याने सावकाश केलं. आजींनी उत्तर दिलं. अडखळल्या, तेव्हा सन-जूने त्यांची दोन बोटं धरून सरळ केली.

मला राहवेना. मी सन-जूला ओठ मोठे करून विचारलं, काय म्हणाल्या? तिने खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर लिहिलं: *उद्या दक्षिण किनाऱ्यावर जोराचा पाऊस. बोटींनी काळजी घ्यावी.* मग जरा थांबून खाली लिहिलं: *आजी बातम्यांसारख्या बोलतात.*

आम्ही शेवटच्या बसपर्यंत तिथेच होतो. सन-जूने स्टूल दिलं, रताळी भाजून दिली. पाऊस, आग, निवडणूक, भाव वाढले, अपघात, मृत, चौकशी चालू आहे, एवढे आजींचे शब्द. एवढ्यावर माणूस किती बोलेल. पण सन-जू त्यांना मध्ये मध्ये नवे देत होती. भूक. थंडी. मुलगी. नवरा. आजी 'नवरा' आणि 'समुद्र' म्हणाल्या, आणि पुढे जे म्हणाल्या त्यावर सन-जूने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. ते काय होतं ते मी विचारलं नाही. पुठ्ठ्यावर लिहिण्यासारखं ते दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समाजघरात जेवताना मी हे सगळं सांगितलं. क्वाक आजी मासळीचे काटे काढत ऐकत होत्या.

"तिला समजतं? बातम्यांतलं?"

"बरंचसं."

"आणि काय म्हणाली ती, त्या बूटवालीला?"

"उद्या जोराचा पाऊस, बोटींनी काळजी घ्यावी."

क्वाक आजींनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर धो धो कोसळत होतं आणि धक्क्यावर सगळ्या बोटी दुहेरी दोरांनी बांधलेल्या होत्या.

"माझ्या शेजारच्या वाफ्यात तिने पन्नास वर्षं लसूण लावलाय," त्या म्हणाल्या. "मला तिने कधी पाऊस सांगितला नाही."

"तुम्हाला कळला असता का?" दल-रे आजी म्हणाल्या.

"तू गप जेव."

जेवण झाल्यावर त्यांनी मला प्योला फोन लावायला सांगितला आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. प्यो परत आला तो पाऊस थांबल्यावर. आधी त्याने टीव्हीला त्याचा स्वतःचा एक इलाज करायला लावला. तासभर पडदा बंद ठेवून आतल्या आत काहीतरी चालतं म्हणे. चौकोन थोडा फिका झाला, गेला नाही.

"हे एवढं राहणार," प्यो म्हणाला. "पण पुढची झीज टाळता येईल. उजेड कमी करू. आणि ही बाई आहे ना, हिला जागेवरून हलवता येतं. हे बघा, रिमोटवर. डावीकडे, उजवीकडे. मोठीसुद्धा करता येते."

"मोठी? मग ते आधी का नाही सांगितलंस?" क्वाक आजी म्हणाल्या.

"आधी कुणी विचारलं नाही, आजी."

"म्हणजे एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे."

"हो. सगळीकडे सारखी झीज होईल."

"शेतासारखं. एकाच वाफ्यात वर्षानुवर्षं लसूण लावला की मुळं कुजतात. जागा फिरवावी लागते." त्यांनी रिमोट प्योच्या हातातून काढून घेतला. "मला दाखव. कुठलं बटण?"

तीनदा दाखवावं लागलं. मग त्या अंगावर कोट चढवून, काठी घेऊन बाहेर पडल्या. मी म्हटलं, मी बोलावून आणते. नको म्हणाल्या. धक्क्याच्या वरची ती चढण ऐंशीच्या गुडघ्यांनी चढायला त्यांना बराच वेळ लागला असेल. परत आल्या तेव्हा पुढे त्या आणि मागे पिल-न्यो आजी. दोघींच्यात काय झालं ते कुणी पाहिलं नाही. चुकलं म्हणायला दोघींपाशी खूण नव्हती, आणि असती तरी क्वाक आजींनी ती केली असती असं मला वाटत नाही. त्यांनी पिल-न्यो आजींना टीव्हीच्या बरोबर समोर, स्वतःच्या गादीवर बसवलं, बटण दाबलं आणि कोपऱ्यातली बाई डावीकडे नेऊन दुप्पट केली.

"आता ही बया गाण्याच्या कार्यक्रमातही मध्ये येणार का?" दल-रे आजींनी विचारलं.

"येईल. तुझ्या गाण्यापेक्षा बरी आहे."

नव्या वर्षाला चांग-मो आला. त्याने चौकोन पाहिला आणि म्हणाला, आई, मी पडदा बदलून देतो. क्वाक आजी म्हणाल्या, चालतोय ना, मग राहू दे. पैसे जास्त झाले असतील तर समाजघराच्या न्हाणीघराला नवा बंब घाल. त्याने घातला.

मधल्या काळात मी आजींना आणखी तीनदा बाजारात नेलं. तिसऱ्या खेपेला सन-जूने त्यांना नाव विचारलं. पिल-न्यो आजींनी कानावर तळहात ठेवला. गावात लहानपणापासून त्यांच्यासाठी हीच खूण आहे, दुसरी कुणी केलेलीच नाही. सन-जूने तो हात कानावरून खाली घेतला. नाही, म्हणाली. माझ्यासाठी तिने पुठ्ठ्यावर लिहिलं: *इथे आम्ही तिघंही तशीच आहोत, मग कुणाला कोण म्हणायचं?* तिने आजींचा चेहरा इकडून तिकडून न्याहाळला. पिल-न्यो आजींच्या डाव्या भुवईपाशी एक तीळ आहे. सन-जूने तिथे बोट टेकवलं आणि हात किंचित पुढे उघडला, कळी उमलावी तसा. आजींनी ते तिथल्या तिथे बऱ्याचदा करून पाहिलं. बसमध्ये करून पाहिलं. समाजघरात आल्यावर एकेकीसमोर उभं राहून प्रत्येकीकडून करून घेतलं, आणि दल-रे आजींनी उजव्या भुवईला बोट लावलं तेव्हा त्यांचा हात धरून डावीकडे नेला. क्वाक आजींचं पहिल्या फटक्यात बरोबर आलं.

लसूण निघायच्या आधीच्या एका बाजारच्या दिवशी मी तयार होऊन त्यांच्याकडे गेले, तर त्या आधीच निघाल्या होत्या. बस थांब्यावर सापडल्या. जांभळा स्वेटर, केस विंचरलेले, हातात सन-जूसाठी कोवळ्या लसणाच्या पातीची जुडी. मी बाजूला जाऊन उभी राहिले तशी त्यांनी माझ्या छातीला तळहात लावून मला मागे सारलं, हळूच. तू नको. मी एकटी.

बस आली. ड्रायव्हरला त्यांनी कुठे जायचं ते लिहिलेला कागद दाखवला नाही, काही दाखवलं नाही. भाड्याचं कार्ड टेकवलं आणि खिडकीची जागा धरली. मी हात हलवला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. पातीची जुडी त्यांनी काखेत दाबली होती. बस वळणाला लागेपर्यंत काचेतून मला दिसत होतं, मांडीवर त्यांचे दोन्ही हात बारीक बारीक हलत होते. गेल्यावर काय काय सांगायचं, ते आधी नीट लावून बघत होत्या.